फटफटीवरचा मुऱ्हाळी

आमच्या घरात थोरल्या बहिणीच्या सासरचा विषय निघाला की सगळ्यांचं म्हणणं एकच असे, माणसं वाईट. पोरीला दिवाळीला पाठवली नाही, आईच्या दहाव्यालाही पाठवली नाही. चुलते जाईपर्यंत हेच म्हणत होते, चुलती अजून म्हणते. असं बोलणं सुरू झालं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना वाईट मी केलं. जिला हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला यंदा सांगून झालं. आता कागदावर उतरवायला भ्यायचं काही कारण राहिलेलं नाही.

गोष्ट पन्नास सालानंतरच्या त्या काही वर्षांतली. वडील नव्हते. येडगावला नदीकाठी आमचं घर, तिथं आई, आणि भिंतीपलीकडं चुलता-चुलती. मी जुन्नरला, रस्त्याची कामं बघणाऱ्या एका कचेरीत कारकून होतो. आपटाळ्याच्या पुढं, चावंड किल्ल्याच्या कुशीनं घाटघरकडं रस्ता चढवायचं काम तेव्हा चाललं होतं. कडेला खडीचे ढीग पडत, ते टेप लावून मोजायचे, एवढंच माझं काम. ओव्हरसियर साहेबांकडं एक छोटी फटफटी होती. साहेब पुढं आणि मी मागं, मांडीवर टेप आणि डब्याची पिशवी, असे आम्ही त्या वळणांवरून हिंडायचो. सरळ रस्ता आला की साहेब कधीकधी मला पुढं बसू देत. त्यांच्या हाताखाली मी चालवायला शिकलो.

दिवाळीला साहेब बायकामुलांना घेऊन गावी निघाले. जाताना म्हणाले, "पडून राहिली तर रुसते ही. दिवसाआड चालू करत जा. कचेरीच्या आवारात फिरव, लांब नेऊ नकोस."

मी तिच्यावर बसलो तो थेट येडगावला गेलो.

आक्का घाटघरच्या अलीकडच्या एका वाडीत दिली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पोटी काही नव्हतं. आई दर चतुर्थीला उपास धरून ओझरच्या गणपतीला पायी जायची, चंद्र बघून मगच तोंडात घास घालायची. आक्कापुढं ती हा विषय काढत नसे. देवापुढं मात्र दुसरा विषय नसे. दोन दिवाळ्या आक्का आली नव्हती. एकदा सासरा आजारी, एकदा गाडीचा बैल लंगडा. या दिवाळीला काही झालं तरी तिला आणायची, असं आईनं ठरवलं होतं. मुऱ्हाळी म्हणून जायचं मी. भावानंच जायचं असतं.

चुलत्यांनी गाडीला वंगण घालून ठेवलं होतं. फटफटी बघून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्याच्यावर जानार तू मुऱ्हाळी?"

"सकाळी निघालो की संध्याकाळी आक्का घरात, काका. तुमच्या गाडीला जायला दोन दिवस, यायला दोन."

"लागूंदे की. अरे येड्या, आपल्या बैलांची घुंगरं लांबनं ऐकू आली की सासुरवाशीण वळखती, माझ्या घरचं आलं. ह्या भुताचा आवाज ऐकून ती दारात यील का माळ्यावर दडंल?"

आई हसली. तिला माझं कौतुक होतं, हेही लिहायला हवं. तिनं चुलतीला सांगून पुढच्या दिव्याच्या काचेवर हळदकुंकू लावून घेतलं. मग टोपलीभर करंज्या आणि सांजोऱ्या धुवट फडक्यात बांधून दिल्या. ही शिदोरी मुऱ्हाळ्यानं विहीणबाईंच्या हातात द्यायची असते. ती मी मागच्या कॅरेजला सुंभानं आवळून बांधली. "हळू जा रे, मोडतील," एवढंच आई म्हणाली.

मी हळू गेलो नाही. जुन्नर ओलांडलं, आपटाळं मागं पडलं, आणि रस्ता चढायला लागला. साहेबांच्या मागं बसून तो रस्ता मी कितीदा पाहिला होता, पण पुढं बसलं की वळण वेगळं दिसतं. मागं बसणाऱ्याला ते दिसेपर्यंत सरलेलं असतं. पुढच्याला ते आधी पोटात जाणवतं. मी गिअर खाली टाकायचो, इंजिन कण्हायचं, एका अंगाला चावंडचा कातळ यायचा आणि दुसऱ्या अंगाला एकदम खोल खाली भाताची पिवळी खाचरं उघडायची. वाळत आलेल्या गवताचा वास नाकात जात होता. वळणावर एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. त्यानं कळप कड्याला चिकटवला, कानांवर हात ठेवले आणि काहीतरी ओरडला, शिवी असणार. मी हसत पुढं गेलो. खरं सांगायचं तर तेवढा आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही, आणि त्या आनंदात आक्का कुठंच नव्हती. मागची जागा रिकामी होती तेच मला बरं वाटत होतं.

वाडीत शिरलो तेव्हा कुत्री भुंकली, पोरं धावली. आक्का खरंच दारात आली नाही. मी अंगणात उतरून हाक मारली तेव्हा ती पदरानं हात पुसत बाहेर आली. "अगंबया, तू व्हय!" म्हणाली. "मला वाटलं सायेब आला कोनीतरी."

टोपली सोडली. फडक्यात करंज्या नव्हत्याच. सारण आणि पारीचा नुसता भुगा होता, रस्त्याच्या धुळीनं वरून लाल झालेला. तिच्या सासूनं तो बघितला आणि तोंडाला पदर लावला. आक्कानं वरची धूळ बाजूला सारून चिमूटभर तोंडात टाकला. "आईच्या हातचंच हाय," म्हणाली, "चावायचं काम वाचलं."

मग सासरे ओसरीवर टेकले. "बोला पावणं. गाडी कुठं सोडली?"

"गाडी नाही आणली. हिच्यावर नेतो आक्काला. संध्याकाळी घरी."

म्हातारा उठला. मग त्यानं फटफटीला एक फेरी मारली. "हिच्यावर? पाय कुठं ठिवायचं तिनं? धरायचं कशाला? आमची सून हाय ती पावणं, टपालाची थैली न्हाई मागं बांधून न्यायला."

ओसरीवरची माणसं हसली. माझे कान तापले. तेवढ्यात सासूबाई माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "तुमाला दिसंना का काय? पाचवा लागलाय तिला."

मी आक्काकडं पाहिलं. ती खाली मान घालून भुग्याचं फडकं नीट दुमडत होती. एवढ्या वर्षांनी.

"ह्या रस्त्यानं आमी तिला बैलगाडीतबी गवत आंथरून धाडू," सासूबाई म्हणाल्या. "इहीनबाईंना भेटायची तिलाबी लई आस लागलीय. तुमी गाडी घिऊन या. मी तिचं गाठुडं बांधून ठिवते. आज म्हनाल तर आजच बांधते."

आणि त्यांनी खरंच बांधलं. मी जेवायला बसलो होतो तेव्हा आतल्या खोलीत त्या दोघी लुगडी घडी घालत होत्या. बोलणं आणि हसणं बाहेर ऐकू येत होतं.

निघताना आक्का वेशीपर्यंत आली. म्हणाली, "आधी आईला सांग. काकीला नगं, कुनाला नगं, आधी आईला. मी हितनं बाजाराच्या मानसाजवळ निरोप धाडला असता, पर तिला तुज्या तोंडून कळावं म्हनून गप ऱ्हायले. आन् गाडी घिऊन लवकर ये. मी वाटंकडं डोळं लावून बसते बघ."

मी म्हणालो, "भाऊबिजेच्या आत आणतो."

उतरणीला मी इंजिन बंद केलं. आवाज नाही, धूर नाही, नुसतं घरंगळत जायचं. साहेब असंच करायचे. ओसरीवरचं हसणं अजून कानात होतं. गाडीनं जाऊन काकांना तोंड कसं दाखवायचं, तेही होतं. चावंडच्या खालच्या वळणावर ताजी खडी पसरली होती, वरून दाबलेली नव्हती. ते ढीग मीच मोजले होते. पुढचं चाक खडीत शिरलं आणि बाजूला सरकलं. मी कड्याच्या अंगाला पडलो, दरीच्या नाही, याबद्दल पुढं कित्येकांनी देवाचे आभार मानायला सांगितलं असतं, पण मी कुणाला सांगितलंच नाही. गुडघे सोलले, गाल सोलला. फटफटीचा पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला, रिम वाकली, आणि हळदकुंकवाची काच फुटली.

मागून गवताची एक गाडी जुन्नरकडं चालली होती. गाडीवानानं आणि त्याच्या भावानं फटफटी उचलून गवतावर टाकली, मी शेजारी बसलो. गाडीवान गमत्या होता. "पावणं," म्हणाला, "मुऱ्हाळी निघालाय जनू! फटफटीला माहेराला नेताय का?" मी कुठून येतोय हे त्याला माहीत नव्हतं. मी हसल्यासारखं केलं. बैल आपल्या चालीनं चालले होते. त्या वळणांवरून बैलगाडीत गवतावर बसून किती मऊ जाता येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

जुन्नरला पेठेच्या टोकाला सायकलींचं एक दुकान होतं. म्हातारे मालक, सगळा गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांनी चिमट्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सीधा हो जाएगा. पर भाऊ, दिवाळीचे दिवस लागतील." मी म्हणालो, साहेब यायच्या आत व्हायला हवं. ते म्हणाले, होईल. मी दुकानातच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही येऊन बसलो. येडगावला एका माणसाजवळ निरोप धाडला, कामात अडकलोय, मग येतो. चाचा वैतागले. "तू हितं काय अंडी उबवतोस काय? लोखंड काय तुझ्या बघण्यानं सरळ होणार? त्योहार आहे, घरी जा. बहीण नाही का तुला?"

इतकी वर्षं मी मनाशी हेच घोकत आलो की फटफटीपायी मला अडकून पडावं लागलं. ते खोटं आहे. मला जाता आलं असतं. येडगावला जाऊन "काका, गाडी जुंपा" एवढंच म्हणायचं होतं. पण मग गाल का सोलला, काच कुठं गेली, हे आलं असतं. काका हसले असते, आणि हे साहेबांपर्यंत गेलं असतं. मला नोकरीची भीती होती म्हटलं तर ऐकणाऱ्याला पटेल, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. आपलं चुकलं, हे चार माणसांत म्हणायची लाज.

भाऊबीज उलटली, गालावरची खपलीही गळली, मग मी घरी गेलो, चालत. आईनं माझ्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

"आक्का कुठाय?"

"पाठवत नाहीत."

"का?"

"भात काढायला आलंय म्हणाले. माणूस नाही."

आई खाली बसली. "एवढं सारं भात... बरं. ती बरी हाय का?"

"बरी आहे."

"अंगानं?"

तिनं काय विचारलं ते मला कळलं होतं. मी खरं सांगितलं असतं तर ती तशीच उठून वाडीकडं चालू लागली असती, गाडीची वाट न बघता. आणि तिथं पोचल्यावर सगळं उघडं पडलं असतं. मी गाल खाजवत म्हणालो, "तशीच आहे."

आई उठली आणि चुलीपुढं गेली. काका दारातून म्हणाले, "म्या म्हनलं नव्हतं? बिनगाडीचा मुऱ्हाळी बघून त्येंनी आपली किंमत केली." म्हणजे त्यातही त्यांनी थोडा दोष मला दिलाच होता, पण मोठा दोष त्या माणसांकडं गेला, आणि तिथंच राहिला.

दाजी, आक्काचे यजमान, जुन्नरच्या बाजाराला तांदूळ घेऊन आले की कचेरीच्या दाराशी यायचे. शांत माणूस. चपला बाहेर काढून उभे राहायचे. "गाडी कवा येती पावणं? ती इचारती." मी एकदा म्हणालो बैल अडलेत. एकदा म्हणालो आईला बरं नाही. त्यांनी एकदा विचारलं, "आमीच आनून घालू का?" मी घाईघाईनं म्हणालो, "छे छे, तसं बरं दिसत नाही, माहेरचंच माणूस मूळ म्हणून न्यायला यायला हवं." रीत मोडायला मीच निघालो होतो, आणि आता रीतीच्या आड मीच लपत होतो.

आईला बरं नाही, हे मी थाप म्हणून सांगितलं होतं. पौषात ते खरं झालं. छातीत कफ धरला आणि चार-आठ दिवसांत ती गेली. जायच्या आधीची चतुर्थीही तिनं धरली होती. ओझरला चालत जाणं झालं नाही, म्हणून अंगणातूनच त्या दिशेला हात जोडले. जे देऊन झालं होतं तेच ती मागत होती. मी तिच्या पाठीला धरून उभा होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. आता सांगितलं तर तिच्या जिवाला धक्का बसेल, असं मी मला समजावलं.

दहाव्याला दाजी एकटेच आले. जड अंगाच्या बाईला सुतकाच्या घरी आणत नाहीत, म्हणून आक्काला आणलं नव्हतं. पण हे कारण आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. चुलत्यांनी त्यांना 'या' म्हटलं नाही. घाटावरचा विधी उरकल्यावर ते एका कडेला बसून जेवले आणि उठले. मी सडकेपर्यंत पोचवायला गेलो. सडक आली तसे ते थांबले. मग म्हणाले, "लोकं रागावलीत. गाडी न्हाई आली म्हनून आमी बोललो न्हाई कवा. पर जाऊंद्या. आत्याबाईंना कळलं तरी व्हतं ना? नातवंडाची लई हौस व्हती त्यांस्नी."

मी म्हणालो, "हो. लई खूश झाली होती."

चांगल्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून ते बोललो. आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्याच बोलण्यानं केलं.

चैत्रात आक्काला मुलगी झाल्याचं कळलं. चुलतीनं बोटांवर महिने मोजले आणि मला विचारलं, "का रं, दिवाळीत तुला दिसलं न्हाई?" मी म्हणालो, "मला काय त्यातलं कळतंय?" मग तिनंच ठरवून टाकलं की सासरच्यांनी लपवलं.

आक्का पुढं माहेरी आली, पण पाहुण्यासारखी; दोन दिवस राहून जायची. आईचं नाव निघालं की ती दुसरं बोलायची. तिच्या डोळ्यांत आईसाठी पाणी आलेलं मी कधी पाहिलं नाही. बायका कुजबुजायच्या, काळीज दगडाचं हाय.

यंदा तिची तीच मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणून मी भेटायला गेलो. आता चावंडवरून एस.टी. जाते. ओसरीवर आक्काच्या सासूबाई बसल्या होत्या, फार म्हाताऱ्या, दिसत नाही. आक्का लेकीच्या डोक्याला तेल घालत होती. बोलता बोलता म्हणाली, "हिला आनायला मी सोता गेले गाडीतनं. पोराला धाडलं न्हाई. माज्या आईला मला दिस गेल्यालं कळलं, खूश झाली म्हनं, आन् एकदा डोकावली न्हाई. गाडी धाडली न्हाई. मी तसं करनार न्हाई."

तेल चोळता चोळता, सहज म्हणाली. राग इतका जुना झाला होता की त्याला आवाजही राहिला नव्हता.

मी म्हणालो, "आक्का, आईला ठाऊक नव्हतं."

तिचे हात थांबले.

"मी सांगितलंच नाही तिला. तुझी माणसं पाठवायला तयार होती, गाठोडं बांधलं होतं, तेही नाही सांगितलं. तशीच आहे, म्हणालो."

"म्हंजी तिला म्हाईतच न्हवतं?"

"नाही."

"चतुर्थ्या करत व्हती ती?"

"शेवटपर्यंत."

तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. लेकीला म्हणाली, "मामाला भाकर वाढ, लांबनं आलाय." आणि मागच्या दारी गेली. मग तिनं हंबरडा फोडला. मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून बाया रडतात तसं, हेल काढून, आईला हाका मारत. आजूबाजूच्या बायका कामं टाकून धावत आल्या. "काय झालं? कोन गेलं गं?"

"माजी आई गेली," आक्का म्हणाली.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ओसरीवरून म्हातारीनं आवाज दिला, "अगं, त्या कवाच गेल्या की. तवा रडली न्हाईस, आन् आज काय?"

"ह्येला इचारा."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. म्हातारीनंही मी असेन तिकडं तोंड फिरवलं. तिनं त्या दिवशी गाठोडं बांधलं होतं, आणि येडगावात तिचं नाव कशासाठी घेतात हे तिला कधी कळलं नव्हतं. भाकरीचं ताट समोर तसंच होतं. मी उभा राहिलो आणि तिच्यापाशी जाऊन, तिला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, फटफटीपासून सांगायला लागलो.